परसातला गोड वाटाणा : केव्हा लावावा, कसा लावावा



उसाच्या लागणीची सल्लामसलत करायला आम्ही वस्तीवर येतो, तेव्हा चहा देता देता घरातल्या भगिनी एक प्रश्न हटकून विचारतात. "साहेब, उसाचं राहू द्या. आमचा वाटाणा का येत नाही? वेल वाढतो, पण शेंगा धरत नाहीत." ऊस बारा-चौदा महिन्यांनी पैसा देतो, पण ताटातली भाजी रोज लागते. म्हणून या अंकात परसबागेतल्या वाटाण्याविषयी चार शब्द.

पहिली चूक वेळेची. वाटाणा हे थंडीचे पीक. फुलोऱ्यात ऊन तापले की फुले गळतात. आपल्या भागात कोजागिरीपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बी टोकावे. पूर्वहंगामी उसाची लागण चालते, तोच हा काळ. पुरंदरकडे पावसाळ्यात वाटाणा निघतो, पण ती तिकडच्या थंड हवेची किमया. आपण ती नक्कल करू नये. सगळे बी एकदम न लावता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा लावले तर शेंगा जास्त दिवस मिळतात.

दुसरी गोष्ट बियाण्याची. सुरकुतलेले बी पाहून पुष्कळजण ते पोचट समजून टाकून देतात. तसे करू नका. सुरकुतलेला दाणा म्हणजे जास्त साखर, कमी पिष्ट. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचे हेच वाण घेऊन मेंडेलने 1866 साली छापलेले आनुवंशिकतेचे प्रयोग केले होते. लवकर येणारा अर्केल हा वाण सुरकुतलेल्या दाण्याचाच आहे. मात्र असे बी चिखलात लवकर कुजते. म्हणून आधी वाफा ओलवावा, वाफसा आला की मगच टोकावे.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद वाफ्याला सुमारे 60 ग्रॅम बी, म्हणजे जुन्या मापाने एक छटाक पुरते. बियांना रायझोबियम जिवाणू गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळावेत व सावलीत सुकवावे. दोन ओळींत एक फूट, दोन बियांत तीन बोटे अंतर ठेवावे. खोली इंच-दीड इंच. वाफ्यात कुजलेले शेणखत किंवा कारखान्याची पूर्ण कुजलेली मळी घालावी. ताजी मळी नको, ती तापते. युरियाची मूठ तर टाकूच नये. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः मिळवतात. वरून नत्र जास्त झाले की पाला माजतो व शेंगा कमी लागतात. वेल आहे, शेंगा नाहीत, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

वेल वीतभर झाले की तुराट्या रोवून आधार द्यावा. पाणी हलके द्यावे. फुलोऱ्यात आणि दाणा भरताना मात्र ताण पडू देऊ नये. पानांवर पांढरी भुरी दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक 10 लिटर पाण्यास 25 ग्रॅम घेऊन, ऊन कमी असताना फवारावे.

आता आमची एक चूक कबूल करतो. एका सभासदाच्या उसात रुंद पानांची तणे माजली होती. आम्ही टू-फोर-डी मारायला सांगितले, पण बांधापलीकडे घरचा वाटाणा फुलावर आहे हे पाहिलेच नाही. वारा तिकडचा होता. चार दिवसांत वेलांचे शेंडे पिळवटले आणि वाफा गेला. त्यांच्या मातोश्री एवढंच म्हणाल्या, "उसासाठी आलात, घराकडे बघितलं नाही." ते बोल आम्हाला लागले. तेव्हापासून तणनाशक सांगण्याआधी आम्ही बांधापलीकडे पाहतो. आपणही पाहावे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. धुतला तरी तो भाजीला वापरू नये.

साधारण दोन महिन्यांनी शेंगा तोडणीला येतात. शेंग भरलेली पण हिरवीगार असताना, सकाळी तोडावी. आणि तोडलेला ऊस जसा उन्हात ठेवून चालत नाही, उतारा घटतो, तसाच वाटाणा. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते. सकाळची शेंग त्याच दिवशी शिजवलेली बरी. तोडणी संपल्यावर वेल उपटू नयेत, जमिनीलगत कापावेत. पाला जनावरांना, गाठींचा नत्र पुढच्या भाजीला.

जाता जाता एक इशारा. दारापुढे शोभेसाठी लावतात ते सुवासिक फुलांचे स्वीट पी वेगळे. त्याची पेरणीही याच दिवसांत, आधार मात्र पुरुषभर उंच. पण त्याचे बी विषारी असते. शेंगा वाटाण्यासारख्याच दिसतात, म्हणून पोराबाळांच्या घरी ते भाजीच्या वाफ्याजवळ लावू नये.

यंदा एक वाफा तरी करून बघा. अडचण आली तर गट ऑफिसला सांगा. ऊस बघायला येऊ तेव्हा परसातही डोकावू.

— ऊस विकास अधिकारी