पडवींतलें इंजिन

गेल्या माघांत एका मुंजीच्या निमित्तानें आमचें कऱ्हाडास जाणें झालें. कार्य आटोपल्यावर यजमानांच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस आग्रहानें मलकापुरास आपल्या घरीं नेलें. मलकापूर हें कऱ्हाडास अगदीं लागून, पुणें-बंगळूर हमरस्त्यावर वसलेलें गांव. रस्त्याच्या दुतर्फा दुकानें, गॅरेजें व नव्या इमारती यांची दाटी झाली आहे. पण आंतल्या बाजूस वळलें कीं एखादें जुनें कौलारू घर अजून भेटतें. तशाच त्या घराच्या अंगणांत, पत्र्याच्या छपराखालीं, एक भली मोठी निळी डॉज मोटार उभी होती. आणि पडवीच्या कोपऱ्यांत, गोणपाटांत गुंडाळून, तिचेंच मूळ इंजिन ठेवलेलें होतें. गाडी चालते ती मात्र दुसऱ्याच इंजिनावर!

या दोन इंजिनांवरून त्या एकत्र कुटुंबांत वर्षभर वाद चालला होता. तो ऐकल्यावर हा प्रश्न एका घरापुरता नाहीं असें आम्हांस वाटलें, म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्याकडे अमेरिकन गाड्या आल्या कशा, हें तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीनें येत व येथें जोडले जात. फोर्ड कंपनीनेंही लौकरच तोच मार्ग धरला. पुढें सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार केला, आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या बाहेर पडूं लागल्या. जमिनीपासून उंच अंग, जाड पत्रा, दणकट कमानी आणि ऐसपैस बैठक, यांमुळें या गाड्या आमच्या खडीच्या रस्त्यांस मानवल्या. एकत्र कुटुंबास तर त्या फारच सोयीच्या. पुढें तिघे, मागें चौघे, शिवाय मांडीवर दोन पोरें!

परंतु १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें शिफारस केली कीं, गाडीचे भाग क्रमाक्रमानें येथेंच तयार करण्याची ज्यांची योजना असेल, त्यांसच या देशांत धंदा करूं द्यावा. केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनीं यानंतर आपलें काम आवरतें घेतलें. प्रीमियरनेंही फियाटची लहान गाडी हातीं घेतली. नव्या अमेरिकन गाड्या येणें दुर्मिळ झालें. म्हणजे ज्या होत्या त्याच वर्षानुवर्षें चालविणें भाग पडलें. फेरफारांची खरी कथा येथून सुरू होते.

मोटारींत फेरफार करणें ही गोष्ट मात्र त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां मोटारीच्या पाठीमागें कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर गाड्या चालविल्या गेल्या. १९४८ सालीं सरकारी एस्. टी. सुरू झाली, तेव्हां शेव्हर्ले, फोर्ड, स्टुडबेकर अशा अमेरिकन सांगाड्यांवरही बांधलेल्या गाड्या तिच्या ताफ्यांत होत्या. श्रीमंतांची रीतही फारशी निराळी नव्हती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठीं १९३५ च्या सुमारास जी प्रसिद्ध ड्यूसेनबर्ग मोटार तयार झाली, तिचें यंत्र व सांगाडा अमेरिकेचा, पण वरचें अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनीं घडविलेलें. तात्पर्य, गाडी ज्या रूपांत कारखान्यांतून निघाली तेवढेंच तिचें खरें रूप, ही कल्पना त्या काळीं कोणाच्या मनांत नव्हती.

आतां मलकापूरच्या घराकडे वळूं. ही डॉज १९५० सालची. घरचे आजोबा पेशानें डॉक्टर. त्यांनीं ती १९५८ सालीं जुनी म्हणून घेतली. त्याच वर्षीं त्यांचें लग्न झालें. पाटणच्या खोऱ्यांतील खेड्यांत रात्रीं-अपरात्रीं जावें लागे. बाळंतपणाच्या अडलेल्या बायका या गाडींतून कऱ्हाडास आल्या, आणि १९६७ च्या ११ डिसेंबरास पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां जखमींना आणण्यासाठीं ती दोन दिवस खेपा घालीत होती. मागच्या बैठकीवरील रक्ताचे डाग निघेनात, म्हणून बैठकीचें कापड बदलावें लागलें, एवढेंच आजीबाई त्याविषयीं सांगतात.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल एकाएकीं महाग झालें. सहा सिलिंडरांची ही गाडी लिटरास सहा-सात किलोमीटरांपलीकडे जाईना. खेड्यांतले रोगी फी देत ती जोंधळ्याच्या पायलींत. पेट्रोल मात्र रोकडीनें घ्यावें लागे. गाडी विकावी असें सर्वांचें मत पडलें. तेव्हां आजोबांनीं १९७४ सालीं हमरस्त्यावरील एका मिस्त्रीकडून तीत मोडीत निघालेल्या मालमोटारीचें चार सिलिंडरांचें डिझेल इंजिन बसवून घेतलें. त्या काळीं पुष्कळ टॅक्सीवाले हेंच करीत.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हे. पेट्रोल इंजिनांत ठिणगीनें जळण पेटतें. डिझेलांत हवा पंधरा-वीस पट दाबून, त्या उष्णतेनें पेटवितात. तो दाब सोसण्यास यंत्राचा धातु जाड लागतो, म्हणून वजन वाढतें. आणि वजन वाढलें कीं पुढच्या स्प्रिंगा दबतात. मिस्त्रीनें त्या बदलून अधिक दणकट बसविल्या. नवें इंजिन जुन्या गियरपेटीस जुळेना. मध्यें जाड लोखंडी तबकडी कातून बसविली. मूळ गाडीची वीज सहा व्होल्टांची. एवढें जड यंत्र फिरविण्यास ती पुरेना, म्हणून बारा व्होल्टांची बॅटरी आली, आणि तिच्या मागोमाग दिवे, भोंगा, तारा, सारेंच बदललें. नोंदणीच्या पुस्तकांत बदलाची रीतसर नोंद झाली. गाडीचा आवाज ट्रॅक्टरासारखा झाला खरा. पण खर्च निम्म्याहून खालीं आला, आणि डॉक्टर पूर्वीप्रमाणें खेड्यांत जाऊं लागले. जुनें इंजिन विकण्यास त्यांनीं साफ नकार दिला.

आतां वादाचें कारण. घरचा नातू शिकून जर्मनींत नोकरीस गेला व सहा वर्षांनीं परत आला. तेथें त्यानें जुन्या अमेरिकन गाड्यांची अपार हौस पाहिली. युरोपांत ही हौस मोठी आहे. स्वीडनमध्यें तर व्हेस्टेरोस या शहरीं १९७८ पासून अमेरिकन गाड्यांचा मेळावा भरूं लागला व तो साऱ्या खंडांत गाजला. तेथें ही चैन सोपी नाहीं. अमेरिकन गाडीचा मागचा वळण दाखविणारा दिवा पुष्कळदां लाल असतो, तो युरोपांत बहुधा नारिंगी करून घ्यावा लागतो. रुंद गाडी जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांत शिरत नाहीं. आणि पेट्रोलची किंमत तर विचारूंच नये. तरीही लोक आवडीनें त्या संभाळतात. नातवाच्या मनानें घेतलें कीं, आपल्या घरच्या डॉजला मूळ इंजिन बसवून तिला पूर्ववैभव द्यावें.

त्याच्या म्हणण्यास कायद्याचाही आधार आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें जुन्या मोटारींसाठीं स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षें उलटलेल्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता मिळते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडतें व ती दहा वर्षें चालते. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा भाड्यानें चालवितां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतीची फेरी, दुरुस्ती अशा कामींच बाहेर काढावयाची. पण मुख्य अट अशी कीं, गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे. सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें निर्णय दिला कीं, उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलांशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येत नाहीं. म्हणजे डिझेल इंजिन आहे तोंवर मलकापूरच्या डॉजला हा मान नाहीं.

“आजी, ही गाडी खरी व्हायला हवी,” असें नातू म्हणाला.

आजीबाई पडवींत वाती वळीत बसल्या होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, “म्हणजे पन्नास वर्षें खोटी होती का रे? ह्यांनीं तें डिझेल हौसेनें नाहीं बसवलें. माझ्या दोन पाटल्या गहाण पडल्या होत्या त्याच्यासाठीं, आणि त्या सुटल्या नाहींत. तुला इंजिन काढायचं तर काढ. पण माझ्या पाटल्या कुठें ठेवशील तें आधीं सांग.”

नातू कांहीं बोलला नाहीं. पाटल्यांची गोष्ट घरांत त्या दिवशीं प्रथमच कळली. सुनांनाही ती ठाऊक नव्हती.

नातवाचा पक्ष अगदींच टाकाऊ आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. मूळ इंजिनाची चाल मऊ व मूक होती, असें थोरले काका डोळे मिटून सांगतात. जुनें यंत्र एकदां पुन्हां चालतें व्हावें, ही इच्छा रास्तच आहे. सरकारचा नियमही समजण्यासारखा आहे. कोणीही उठून जुन्या नांवावर नवी गाडी बांधूं लागला तर फसवणुकीस पारावार राहणार नाहीं. तथापि जर्मनींतील रीत आम्हांस अधिक विचाराची वाटली. तेथें १९९७ पासून तीस वर्षांवरील जुन्या वाहनांस निराळें चिन्ह मिळतें. पण त्यासाठीं गाडी जशी कारखान्यांतून आली तशीच असली पाहिजे असें नाहीं. फेरफार केव्हां झाला आणि गाडीच्या काळास तो साजेसा होता कीं नाहीं, हेंही पाहिलें जातें. हौसेनें काल केलेला बदल निराळा, आणि पन्नास वर्षांपूर्वीं गरजेनें केलेला बदल निराळा. पहिला गाडीचा इतिहास पुसतो; दुसरा स्वतःच इतिहास झालेला असतो. आमच्या देशांतील जुन्या अमेरिकन गाड्यांचें आयुष्य तर अशा गरजेच्या फेरफारांवरच वाढलें. तेवढे वगळले, तर उरते ती अमेरिकेची गोष्ट, आपली नव्हे.

ज्यांच्या घरीं अशी एखादी गाडी, किंवा दुसरें एखादें जुनें यंत्र असेल, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. काढलेला मूळ भाग भंगारांत घालूं नका. कोरड्या जागीं तेल लावून ठेवा. नोंदणीचें पुस्तक, पावत्या, जुनीं छायाचित्रें एकत्र बांधा. जो बदल करणें भाग पडेल, तो पुन्हां उलटवितां येईल असाच करा; भोकें पाडण्यापूर्वीं दहा वेळां विचार करा. आणि कोणता बदल केव्हां, कोणीं व कां केला, हें माहीतगार माणसें घरांत आहेत तोंवरच लिहून घ्या. यंत्राचे भाग अजून परदेशांतून मागवितां येतात. ‘कां’ हें मात्र कोठूनही मागवितां येत नाहीं.

हा लेख लिहून होत असतांनाच मलकापूरहून नातवाचें पत्र आलें. डिझेल इंजिन काढावयाचें नाहीं, असें घरांत ठरलें आहे. व्हिंटेजचा मान त्यानें सोडला. गाडीची सर्वसाधारण नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करीत राहावयाची. पडवींतलें मूळ इंजिन मात्र त्यानें उलगडलें. आंतली झीज फारशी नाहीं. दोन झडपा तेवढ्या चिकटल्या होत्या, त्या सुटल्या. तें लोखंडी घोडीवर बसवून महिन्यांतून एकदां हातानें फिरवावें, असा त्याचा बेत आहे. एक वहीही घातली आहे. आजीबाई रोज दुपारीं सांगतात व तो लिहितो. पहिल्या पानावर मिस्त्रीचें नांव, तबकडीचें माप आणि डिझेल इंजिनाची किंमत आहे. किमतीपुढें त्यानें ‘पाटल्या दोन’ असें लिहिलें आहे.