कुत्र्या-मांजरांचा एक्स-रे : केव्हा काढावा, कशासाठी काढावा

घराची राखण कुत्रा करतो आणि कणगीतल्या धान्याची राखण मांजर करते. तरीही यांपैकी एखादे मोटारसायकलखाली सापडले किंवा कौलांवरून पडले, तर आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी होतात. चालत असेल तर 'वाचले' म्हणून आणि चालत नसेल तर 'गेले' म्हणून त्याला सोडून देतात. हे दोन्ही अंदाज चुकू शकतात. अंगावर ओरखडाही नसलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी दगावू शकतो. आणि मागचे पाय ओढणारा कुत्रा महिना-दोन महिन्यांत पुन्हा बांधावर हिंडू लागतो. बाहेरून न दिसणारा हा फरक पुष्कळदा एक्स-रेमध्ये दिसतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटगेन या शास्त्रज्ञाला हे अदृश्य किरण आढळले. त्यांचे स्वरूप ठाऊक नसल्याने त्याने त्यांना 'एक्स' म्हटले. मराठीत ते क्ष-किरण झाले. हाडातील कॅल्शियम हे किरण अडविते, म्हणून चित्रात हाड पांढरे दिसते. फुप्फुसातील हवा काळी दिसते. मांस, रक्त आणि लघवी ही मात्र सारखीच करडी दिसतात. एवढे लक्षात ठेवले, म्हणजे एक्स-रे काय सांगतो व काय सांगत नाही हे समजते.

पूर्वी फिल्म अंधाऱ्या खोलीत रसायनात धुवावी लागे. आताच्या डिजिटल यंत्रात फिल्मऐवजी किरण टिपणारी पाटी असते, आणि चित्र थोड्याच वेळात संगणकाच्या पडद्यावर येते. ते मोठे करून, उजेड कमी-जास्त करून पाहता येते व दूरच्या तज्ज्ञाकडेही पाठविता येते. मात्र जनावर हलले तर यंत्र कितीही चांगले असले तरी चित्र पुसटच येते. म्हणून पुष्कळदा गुंगीचे औषध द्यावे लागते. शिवाय एका बाजूने न दिसणारी चीर दुसऱ्या बाजूने दिसते, यासाठी कमीत कमी दोन चित्रे घेतात. दोन चित्रांचे पैसे सांगितले म्हणून शंका घेऊ नये.

काय कळते?

अपघातानंतर आपले लक्ष मोडलेल्या पायाकडे जाते, पण जीव जातो तो पुष्कळदा छातीमुळे. फुप्फुसाभोवती हवा साठणे किंवा छाती व पोट यांमधला पडदा फाटून आतडी वर सरकणे, हे एक्स-रेत दिसते. जनावराला धाप लागली असेल तर डॉक्टर आधी श्वास सावरतील आणि मग एक्स-रे काढतील. त्यांना घाई करू नये.

कंबरेचे हाड मोडले, पण खुब्याची खोबण शाबूत असली, तर पुष्कळ कुत्री केवळ बांधून ठेवलेल्या विश्रांतीने बरी होतात. खोबण मोडली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. कणा तुटून सरकला असेल आणि पायांना वेदनेची जाणीवही उरली नसेल, तर बरे होण्याची आशा फार थोडी असते, आणि डॉक्टर तसे स्पष्ट सांगतात. अशा वेळी जनावराला कुजत ठेवण्यापेक्षा त्यांच्या हातून वेदनारहित मरण देणे दयेचे ठरते.

कुत्र्याने गिळलेले हाड, सुई वा गळ एक्स-रेत स्पष्ट दिसतो. दाणे काढलेले मक्याचे कणीस, चिंधी किंवा प्लॅस्टिक मात्र सहसा स्पष्ट दिसत नाही. आतड्यातील हवेवरून अडथळ्याचा अंदाज बांधावा लागतो. त्यासाठी काय गिळले असेल ते डॉक्टरांना सांगावे. फुटलेले मूत्राशय किंवा पोटातला रक्तस्राव यांसाठी सोनोग्राफीची जोड लागते. गाभण कुत्रीच्या पोटातील पिल्लांची हाडे साधारण ४५ दिवसांनंतर दिसू लागतात.

दवाखान्यात नेताना

दुखत असताना आपला कुत्राही चावतो. त्याचे तोंड मऊ फडक्याने बांधावे. परंतु उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नये. चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जावे. कुत्र्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर, आणि मांजराला झाकणाच्या टोपलीत न्यावे. भूल द्यावी लागेल, म्हणून वाटेत काही खाऊ घालू नये.

मांडीचे हाड मोडले असेल तर घरी बांबूच्या कांबी बांधू नयेत. वरचा सांधा त्यात धरला जात नाही आणि कांबींच्या वजनाने मोडलेले हाड अधिकच हलते. घट्ट बांधल्यास पाय सडतो.

आपल्या दुखण्याच्या गोळ्या मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकते. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

एक्स-रे काढताना जनावराला हाताने धरण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. धरावेच लागले तर शिशाचा एप्रन व हातमोजे मागून घ्यावेत. गरोदर स्त्रिया आणि मुले यांनी त्या खोलीत थांबू नये.

शेवटी, एक्स-रेची मूळ फाइल मागून घ्यावी. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो दुसऱ्या डॉक्टरांना पुरेसा होत नाही. हाड जुळले की नाही हे सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहतात, तेव्हा पहिले चित्र शेजारी हवे. खर्च आधी विचारण्यात संकोच नको, आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रेची सोय आहे का, ही चौकशी आजच करून ठेवावी. अपघात झाल्यावर तेवढा वेळ मिळत नाही.