ओळखीच्या नावाने आलेला ईमेल

फसव्या ईमेलला लोभी किंवा भोळी माणसंच बळी पडतात, हा समज आधी काढून टाकायला हवा. ४ मे २००० रोजी जगभरच्या कार्यालयांत ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचा ईमेल येऊन थडकला. त्यात लॉटरीचं आमिष नव्हतं. तो सहकाऱ्याकडून, मित्राकडून, साहेबाकडून आलेला दिसे, आणि पत्ताही त्यांचाच असे. कारण एकाने जोडलेली फाइल उघडली की आतला प्रोग्राम त्याच्या आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर आपण होऊन रवाना होई. फाइलच्या नावात ‘टीएक्सटी’ दिसे, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढचं ‘व्हीबीएस’ हे खरं शेपूट विंडोज लपवून ठेवत असे. ब्रिटिश संसदेलाही त्या दिवशी ईमेल बंद ठेवावा लागला. तिथली माणसं काय भोळी होती?

‘नाव दिसतंय ना, मग त्यांचाच असणार’ हा समज तर फारच महागात पडतो. ईमेल पाठवण्याचे १९८२ सालचे मूळ नियम पाठवणाऱ्याची ओळख तपासतच नव्हते. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्या नंतर आल्या. त्याही पत्त्यातलं डोमेन पाहतात, समोर दिसणारं नाव नाही. ‘आयकर विभाग’ हे नाव कुणीही लावू शकतो. मोबाइलवर बहुधा नावच दिसतं. त्यावर टॅप करून पूर्ण पत्ता वाचा, एवढं तरी कराच. विषयाआधीचं ‘आरई’सुद्धा टंकलेलं असू शकतं. आपण कधी लिहिलंच नव्हतं, तर हे उत्तर कशाचं?

चुकीची भाषा, अचाट कथा म्हणजे पाठवणारा अडाणी, असंही नाही. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलं, की नायजेरियातल्या घबाडाचं आमिष दाखवणाऱ्या ईमेलमधली अविश्वसनीय गोष्ट चाळणीचं काम करते. शंका घेणारे आधीच गळतात आणि भामट्याचा वेळ फक्त विश्वास ठेवणाऱ्यांवर खर्च होतो.

असा ईमेल नुसता उघडून पाहिला तर काय बिघडतं? कधीकधी त्यात न दिसणारं, एका ठिपक्याएवढं चित्र असतं. ते लोड झालं की पत्ता चालू असल्याचं पाठवणाऱ्याला कळतं. चित्रं आपोआप न उघडण्याची सेटिंग म्हणूनच कामाची.

आणि पैसे गेलेच, तर शरमेने गप्प बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.