वारा सुटला की पळायचं कुठे?

ना भूत, ना राक्षस, ना परग्रहावरून आलेलं कुणी. 'द हॅपनिंग' या सिनेमात खलनायक आहे चक्क वारा! २००८ साली समीक्षकांनी या सिनेमाची यथेच्छ टिंगल केली. पण लॉकडाऊन पाहिलेल्या पिढीने तो आज पाहिला, तर एका प्रसंगाला हसू थांबतं.

हवेने गवत डोलतंय. झाडांची पानं सळसळतायत. पडद्यावर बस, एवढंच दिसतंय. आणि त्या गवतातून दहा-बारा माणसं जीव मुठीत धरून पळतायत. मागे वळून बघतायत, तर मागे कुणीच नाही!

हॉरर सिनेमाचा आपला हिशेब ठरलेला असतो. भूत येतं, आपण उशीआड तोंड लपवतो. भूत जातं, आपण पुन्हा पॉपकॉर्नकडे वळतो. भूत दिसतं, म्हणून त्याच्यापासून लपता तरी येतं. पण जे दिसतच नाही, ज्याला वास नाही, आवाज नाही, त्याच्यापासून लपायचं कसं? एम. नाइट श्यामलनचा 'द हॅपनिंग' याच प्रश्नावर उभा आहे. (पुढे स्पॉयलर्स आहेत. सिनेमा पाहायचा असेल तर आधी पाहून या. दीड तासाचाच आहे.)

सकाळची वेळ, सेंट्रल पार्क

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये नेहमीसारखी सकाळ. बाकावर दोन मैत्रिणी वाचत बसल्यात. बोलता बोलता एकीची गाडी अडकते. ती काय बोलत होती तेच तिला आठवेना. दुसरी आजूबाजूला बघते, तर बागेतली माणसं जागच्या जागी थिजलेली. काहीजण उलट पावली चालायला लागलेत. मग माणसं स्वतःच स्वतःचा जीव घ्यायला लागतात. कुणीही त्यांना धमकावलेलं नाही की ढकललेलं नाही.

टीव्हीवर पहिला अंदाज काय, तर अतिरेकी हल्ला! ११ सप्टेंबरला सातच वर्षं होत आली होती, त्यामुळे दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

तिकडे फिलाडेल्फियात एलियट मूर (मार्क वॉलबर्ग) हा शाळेतला सायन्सचा सर मुलांना विचारतोय, अमेरिकेतल्या मधमाश्या अचानक कुठे गायब होतायत? हे कथेतलं कोडं नाही बरं का. २००६-०७च्या हिवाळ्यात तिथल्या मधमाशीपालकांच्या पेट्या खरंच रिकाम्या सापडल्या होत्या. ना मेलेल्या माश्या, ना काही खूण. वर्गात उत्तरं येतात, रोग असेल, प्रदूषण असेल, तापमानवाढ असेल. पण सरांना आवडतं ते उत्तर वेगळंच असतं: हे निसर्गाचं काहीतरी आहे आणि ते आपल्याला कदाचित कधीच पूर्ण कळणार नाही.

थोड्याच वेळात सर, त्यांची बायको अल्मा, मित्र ज्युलियन आणि त्याची छोटी मुलगी जेस शहर सोडून ट्रेनने निघतात. ट्रेन मधेच फिल्बर्ट नावाच्या कुठल्याशा गावात थांबते. एलियट विचारतो, का थांबलात? रेल्वेचे लोक सांगतात, संपर्क तुटलाय. कुणाशी? सगळ्यांशीच!

मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भीतीदायक क्षण हाच आहे. रक्ताचा थेंब नाही. नुसती एक ट्रेन, एक अनोळखी स्टेशन आणि 'आता पुढे काय' हे कुणालाच माहीत नसणं.

दिसत नाही ते दाखवायचं कसं?

श्यामलनची खरी करामत इथे आहे. धोका दाखवायला त्याच्याकडे ना राक्षस आहे ना खुनी. मग तो साध्या गोष्टी वापरतो. वारा, गवत, आणि एकदम थांबलेली माणसं. जीपमधून निघालेला ज्युलियन काचा घट्ट बंद करून घेतो. सगळे जरा निश्चिंत होतात. मग त्याची नजर वर जाते. जीपच्या कापडी टपाला एक छोटीशी फाट आहे! तेवढी फाट पाहिल्यावर पुढचं काही दाखवायची गरज उरत नाही.

एलियटही हिरो नाही. त्याच्याकडे बंदूक नाही, लष्कराची मदत नाही. असलंच तर वर्गात शिकवलेलं सायन्स. आधी निरीक्षण, मग अंदाज, मग पडताळणी. त्याच्या लक्षात येतं, की हल्ला आधी मोठ्या शहरांवर झाला, मग छोट्या गावांवर, मग रस्त्यावरच्या घोळक्यांवर. म्हणजे गर्दी जितकी मोठी, तितका धोका जास्त. मग तो म्हणतो, पांगा! छोट्या छोट्या गटांत चला. नर्सरी चालवणाऱ्या एका माणसाचा तर्क असतो, की झाडंच हवेत विष सोडतायत, माणसांपासून स्वतःला वाचवण्यासाठी.

ही कल्पना कितीही अंगावर येणारी असली, तरी सिनेमा अधूनमधून तोंडावर आपटतो हे खरंच. घाबरलेला एलियट एका घरात कोपऱ्यातल्या झाडाशी अगदी नम्रपणे बोलायला लागतो आणि मग त्याला कळतं, की ते झाड प्लास्टिकचं आहे! थिएटरमध्ये लोक हसले नसते तरच नवल.

हसं का झालं?

श्यामलन मूळचा आपल्याकडचा. १९७० साली त्याचा जन्म पुद्दुचेरीतल्या माहेचा, वाढला मात्र अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. 'द सिक्स्थ सेन्स'ने (१९९९) त्याला एकदम आकाशात नेलं. सहा ऑस्कर नामांकनं! मग त्याच्या प्रत्येक सिनेमात लोक शेवटच्या धक्क्याची वाट बघायला लागले. 'द हॅपनिंग'ची संहिता आधी 'द ग्रीन इफेक्ट' नावाने स्टुडिओंकडे फिरली आणि नाकारली गेली. पुढे फॉक्सने ती घेतली आणि निम्मा खर्च उचलला मुंबईच्या यूटीव्हीने. म्हणजे या वाऱ्यात थोडा मुंबईचाही पैसा आहे!

१३ जून २००८ला, शुक्रवारीच, सिनेमा आला. त्यात शेवटचा धक्का नव्हताच. झाडांनी हे का केलं, थांबवलं का, याचंही ठाम उत्तर नव्हतं. संवाद अवघडलेले, वॉलबर्ग सतत गोंधळलेला. वाईट सिनेमांसाठीच्या रॅझी पुरस्कारांची चार नामांकनं मिळाली. खुद्द वॉलबर्गनेच पुढे या सिनेमाची जाहीर खिल्ली उडवली. श्यामलन म्हणत राहिला, की आपल्याला एक छान बी-ग्रेड सिनेमाच करायचा होता. रॉजर एबर्टसारख्या मोजक्याच समीक्षकांनी त्याची बाजू घेतली. आणि तरीही सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर्समध्ये बनलेल्या या सिनेमाने जगभरात १६ कोटी डॉलर्सच्या वर कमावले. लोक नावं ठेवत होते, पण बघतही होते.

झाडं खरंच असं करतात का?

माणसाच्या मेंदूचा ताबा झाडं घेतात, हे शुद्ध काल्पनिक. पण झाडं हवेतून रसायनं सोडतात, हे खरं आहे. नुकत्याच कापलेल्या गवताचा तो मस्त हिरवा वास आठवतोय? ती गवताने जखम झाल्यावर सोडलेली रसायनं असतात. एका झाडाला कीड लागली, की शेजारची झाडं आपल्या पानांत बचावाची रसायनं वाढवतात, असे प्रयोग १९८३मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'बोलणारी झाडं' हा शब्दप्रयोग गाजला. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत कुंपण घातलेल्या रानांत कुडू नावाची हरणं मोठ्या संख्येने मेली. संशोधकांचा निष्कर्ष होता, की जास्त चरल्यामुळे बाभळीच्या जातीच्या झाडांनी पानांतलं टॅनिन वाढवलं आणि ते हरणांना पचलं नाही.

एवढ्या लांब कशाला, आपल्याकडचं गाजरगवत घ्या. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं. भारतात त्याची पहिली नोंद १९५०च्या दशकातली, तीही पुण्यातली. त्याचे परागकण आणि वाळलेले कण हवेतून येतात आणि कुणाला शिंका, कुणाला दमा, कुणाच्या अंगावर खाजरे चट्टे. दिसत काहीच नाही. फक्त वारा येतो.

आता ते दार

सिनेमातला एक प्रसंग मात्र २००८मध्ये फारसा कुणाच्या लक्षात राहिला नसेल. एलियटचा छोटा गट एका घरापाशी पोहोचतो. सोबत दोन शाळकरी पोरं आहेत, छोटी जेस आहे. तिच्यासाठी थोडं खायला हवंय. घराच्या दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद. आतले लोक म्हणतात, चालते व्हा, तुमच्यासोबत विष येईल. आम्ही शुद्धीत आहोत, ठीक आहोत, हे पटवायला एलियट चक्क गाणं म्हणून दाखवतो! पोरं चिडतात, दाराला लाथा मारतात. आतून बंदूक बाहेर येते. दोन्ही पोरं जागीच मरतात.

झाडांनी त्यांना मारलेलं नाही. आतल्या घाबरलेल्या माणसांनी मारलंय. आणि आतली माणसं राक्षस नाहीत, तुमच्या-आमच्यासारखीच आहेत. म्हणून तर अंगावर काटा येतो.

मार्च २०२० आठवा. तुमच्यापैकी बरेचजण तेव्हा शाळेत असतील. महाराष्ट्रात कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि दगड टाकून रस्ते बंद केले. मुंबई-पुण्याहून चालत आलेल्या आपल्याच गावच्या माणसांना शाळेत, शेतात थांबवलं गेलं. सोसायट्यांनी घरकाम करणाऱ्या मावशींना गेटवर अडवलं. रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर-नर्सना घर सोडायला सांगितल्याच्या बातम्या देशभरातून आल्या. यात काही काळजी खरी होती आणि अंतर ठेवणं गरजेचंच होतं. पण अंतर ठेवणं वेगळं आणि माणसाला टाकून देणं वेगळं. ही सीमारेषा भीतीच्या भरात कधी ओलांडली जाते, ते कळतही नाही.

याच्या उलटही घडतं. २ डिसेंबर १९८४ची रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि वाऱ्याबरोबर झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. हवेपेक्षा जड, जमिनीलगत रेंगाळणारा. तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, एवढी साधी सूचनाही लोकांपर्यंत पोहोचली नाही. हजारो माणसं गेली. त्या रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर हे उपस्टेशन अधीक्षक ड्युटीवर होते. प्रवाशांनी भरलेली एक्सप्रेस त्यांनी वेळेची वाट न बघता पुढे सोडली आणि दुसऱ्या स्टेशनांना गाड्या इकडे पाठवू नका असं कळवलं. स्वतः मात्र तिथेच थांबून लोकांना मदत करत राहिले. विषारी वायूचे परिणाम त्यांच्या शरीराने पुढे आयुष्यभर सोसले. नेमकं काय पसरलंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण आपल्या हातात काय आहे, हे मात्र माहीत होतं.

'द हॅपनिंग'च्या शेवटाकडे एलियट एका इमारतीत अडकलाय, अल्मा आणि जेस दुसऱ्या. मधे उघडं अंगण आणि वारा. ते एका जुन्या नळीतून एकमेकांशी बोलतात. आणि मग तिघंही ठरवतात, की मरायचंच असेल तर वेगवेगळं मरायचं नाही. दारं उघडून ते वाऱ्यात चालत बाहेर येतात. पण त्यांना काहीच होत नाही. हल्ला थांबलेला असतो. सायन्सच्या दृष्टीने हा योगायोग. पण तोवर सगळ्यांनी दारं बंद केलेली असतात आणि स्वतःहून दार उघडणारे हेच पहिले. संवाद अवघडलेले असोत, अभिनय कसाही असो, हे दृश्य डोक्यातून जात नाही.

बघायचा असेल तर...

* 'द हॅपनिंग'मध्ये माणसं स्वतःला इजा करून घेताना थेट दाखवली आहेत. अमेरिकेत त्याला 'आर' सर्टिफिकेट होतं. सध्या मन ठीक नसेल तर हा सिनेमा बिनधास्त टाळा आणि जवळच्या माणसाशी बोला. सिनेमा कुठे पळून जात नाही.
* द बर्ड्स (१९६३): हिचकॉकचा. पक्षी हल्ला का करतात, याचं उत्तर इथेही मिळत नाही. 'द हॅपनिंग'चा पणजोबा म्हणा.
* द मिस्ट (२००७): धुकं बाहेर आहे, पण खरी भीती सुपरमार्केटच्या आत. शेवट आधी कुणाला विचारू नका.
* कंटेजन (२०११): विषाणूचा सिनेमा. २०२०च्या सुरुवातीला जगभर लोकांनी तो पुन्हा शोधून पाहिला.
* बर्ड बॉक्स (२०१८): बघितलं की संपलात, म्हणून डोळ्यांवर पट्टी. हा आल्यावर पट्टी बांधून फिरण्याचं चॅलेंज इतकं पसरलं, की नेटफ्लिक्सलाच सांगावं लागलं, बाबांनो, असं काही करू नका!