ऑफिसचा संगणक रात्रभर काय करतो?

नवीन जालन्यातलं एखादं ऑफिस संध्याकाळी सहाला बंद होतं. दिवे, पंखे बंद, शटर खाली. आणि टेबलावरचा संगणक? तो चालूच! का, असं विचारलंत तर कुणीतरी नक्की सांगेल, "सारखा चालू-बंद केला की बिघडतो."

हे म्हणणं कुठून आलं, माहीत आहे? 1960 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' नावाचा संगणक कामाला लागला. अगदी आपल्या देशात बनवलेला! त्यात सुमारे 2,700 काचेच्या नळ्या होत्या आणि प्रत्येकीत एक तापणारी तार. अशा नळ्या बहुतेक वेळा तापताना किंवा थंड होतानाच जायच्या. म्हणून अमेरिकेतला 'एनियाक' संगणक, ज्यात जवळजवळ 18,000 नळ्या होत्या, शक्यतो बंदच करत नसत. तेव्हा ते बरोबरच होतं. पण आजच्या संगणकात तशी एकही नळी नाही! सुरू होताना तो जास्त वीज ओढतो हेही खरं, पण फक्त क्षणभर.

चालू संगणकाच्या डब्यामागे हात धरून बघा. गरम हवा लागते ना? त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी अशी उष्णता होऊन जाते. कुणी काम करत नसलं तरी! स्क्रीनवर नाचणाऱ्या चित्रांनीही वीज वाचत नाही.

आता हिशेब करू. संगणक आणि स्क्रीन मिळून 100 वॅट धरा. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा म्हणजे 16 तास. झाले 1.6 युनिट! 9 वॅटचा एलईडी दिवा एवढ्या विजेवर सलग सात दिवस जळेल.

आणि ही वीज पाणी पिते! कोळशावरच्या वीजकेंद्रात वाफ थंड करायला पाणी लागतं. जुन्या केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा नियम 2015 मध्ये झाला. त्या मापाने आपल्या एका संगणकाची रात्र साडेपाच लिटरची. 2013च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातलं परळीचं वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. मला तर रिकाम्या ऑफिसातला चालू संगणक दिसला की उघडा राहिलेला नळच आठवतो.

जेवणाच्या सुट्टीत मात्र संगणक 'स्लीप'वर, म्हणजे झोपवून, ठेवलेला छान. संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतला विजेचा इवलासा साठा सतत झिरपत असतो. तो सेकंदाला दहा-पंधरा वेळा पुन्हा भरावा लागतो. झोपेतही हे काम चालू राहतं, म्हणून उघडी फाइल जिथल्या तिथे सापडते. त्याला दोन-चार वॅट पुरतात.

तेव्हा आई-बाबांना आज विचारा, त्यांच्या ऑफिसातले संगणक रात्री बंद होतात का? आणि शाळेच्या संगणक खोलीत तुमची पाळी असेल तर आधी 'शट डाउन' करा, पडदा काळा होऊन पंखा थांबू द्या, मगच भिंतीवरचं बटण बंद करा.