दोरीच दोरीला ओढते

पाऊस लागून पंधरवडा उलटला की वरवट बकालच्या काळ्या रानात धुऱ्यावरचं गवत गुडघ्याला लागतं. पऱ्हाटीच्या तासांत डवरा फिरतो, निंदण होतं. धुरा मात्र विळ्याच्या नाहीतर ग्रासकटरच्या वाट्याला येतो.

घेणारा इंजिन न्याहाळतो. खरी करामत खालच्या, ओंजळीत मावणाऱ्या डोक्यात आहे. 1971 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी मोटारी धुणारे फिरते ब्रश पाहिले आणि पॉपकॉर्नच्या डब्याला मासेमारीची नायलॉन दोरी लावून गवत कापलं. कापता कापता दोरी झिजणारच; चालत्या यंत्रात ती वाढवायची कशी, हा खरा पेच होता.

त्यावरचा तोडगा सुंदर आहे. डोक्यातल्या रिळाचे दाते घराच्या खाचांत अडकलेले असतात, वरून स्प्रिंग दाबून धरते. खालचं बटण जमिनीवर टेकवलं की रीळ क्षणभर वर सरकतं, दाते सुटतात आणि बाहेर गरगरणारी दोरी आतल्या दोरीला ओढून घेते. स्प्रिंग रीळ परत खाली लोटते, पुढचा दाता अडकतो. जादा टोक गार्डवरचं पातं छाटतं. मिनिटाला 6,000 फेरे आणि केंद्रापासून 20 सेंटिमीटरवर टोक धरलं, तर त्याचा वेग ताशी सुमारे 450 किलोमीटर भरतो. ओढ येते ती या वेगातून.

म्हणूनच दोरी बोटभर उरेपर्यंत थांबू नये. ओढायला वजनच उरत नाही. मग कितीही आपटा, दोरी येत नाही, डोकं खोलावंच लागतं. ओल्या काळ्या मातीत बटण नुसतं रुततं, त्यामुळे टेकवायला पायवाटेची कडक जागा बघावी. रिळावर वेढे एकमेकांवर चढले तर दोरी आत दबते, उष्णतेने चिकटते. बाणाच्या दिशेने, वेढ्याशेजारी वेढा, अशीच ती गुंडाळायला हवी. वऱ्हाडी उन्हाळ्यात टपरीवर वाळलेली नायलॉन दोरी कडक होऊन तुटते. ती रात्रभर पाण्यात ठेवली तर ओल शोषून पुन्हा चिवट होते.

संत्र्याच्या बागेत मात्र माझा या यंत्रावर विश्वास नाही. दोरी बुंध्याला घासली की साल सोलते आणि त्या जखमेतून डिंक्या शिरतो. खोडाभोवतीचं हातभर गवत विळ्यानेच काढावं.