बारा पाहुणे आणि दोन तवे

पंगतीचा पहिला नियम असा कीं, सर्वांचीं पानें वाढून झाल्याखेरीज कोणीं घांस उचलावयाचा नाहीं. वरण, भात, भाजी, कोशिंबीर हे पदार्थ आगाऊ तयार असतात, म्हणून हा नियम पाळतां येतो. परंतु जेवणाचा मुख्य पदार्थच असा असला कीं, तो एका वेळीं एकच होतो आणि तव्यावरून उतरतांच खावा लागतो, तर पंगतीनें काय करावें? घांवन किंवा आंबोळ्या करणाऱ्या कोंकणांतील प्रत्येक घराला हा पेंच ठाऊक आहे. फ्रान्सच्या वायव्य टोंकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतांत तर अशाच एका पदार्थावर उपाहारगृहांचा स्वतंत्र प्रकार उभा राहिला आहे. त्याला ‘क्रेपरी’ म्हणतात. दहाबारा मंडळी एकदम अशा ठिकाणीं जेवावयास गेलीं म्हणजे हा पेंच उघड होतो, आणि तो सोडविण्याची तेथील रीतही दिसून येते.

क्रेप हा धिरड्याच्या जातीचा, परंतु फार पातळ पसरलेला पदार्थ होय. त्याचे मुख्य प्रकार दोन. गव्हाच्या पिठांत दूध, अंडीं व लोणी घालून केलेला क्रेप गोड खाण्यासाठीं असतो. त्यावर साखर, मुरांबा किंवा ब्रिटनीचें प्रसिद्ध खारें लोणी घालतात. दुसरा प्रकार कुट्टूच्या पिठाचा. त्याला प्रांताच्या पूर्व भागांत ‘गालेत’ म्हणतात, आणि जेवणाची सुरुवात त्यानेंच होते. हा कुट्टू म्हणजे उत्तर भारतांत उपवासाला चालणारा तोच कुट्टू. तो गव्हातांदुळासारखा तृणधान्यांपैकीं नव्हे. चुक्याच्या कुळांतील एका झाडाचें तें तिकोनी बीं आहे. हलक्या, आंबट जमिनींत तो येतो आणि साडेतीन महिन्यांच्या आंत पिकतो. जेथें गहूं नीट येत नसे, अशा ब्रिटनीच्या जमिनींत त्यानें कित्येक शतकें गरिबांचें पोट भरलें.

ही गालेत ज्या जाड बिडाच्या सपाट तव्यावर होते, त्याला ब्रिटनीच्या भाषेंत ‘बिलिग’ म्हणतात. त्याचा व्यास बहुधा चाळीस सेंटिमीटर असतो. तव्याला लोण्याचा किंवा चरबीचा हात फिरवून त्यावर पळीभर पीठ ओततात, आणि ‘रोझेल’ नांवाच्या, दंताळ्यासारख्या पण दांते नसलेल्या लहानशा लांकडी साधनानें तें गोल फिरवून कांठापर्यंत नेतात. कुट्टूच्या पिठांत गव्हांतील चिकटा नसतो. म्हणून हात अडखळला कीं पीठ फाटतें. मग लांब, चपट्या लांकडी उलथन्यानें ती उलटतात, वर अंडें फोडतात, चीज व डुकराच्या मांसाचा पातळ काप ठेवतात, चारी कडा आंत मुडपतात आणि चौकोनी घडी बशींत सरकवितात. ह्या त्रिविध सारणाच्या गालेतीला ‘कॉंप्लेत’ म्हणजे परिपूर्ण असें नांव आहे. मांस नको असणारास केवळ अंडें, चीज अथवा भाजी घालून ती मिळते.

आतां हिशेब पाहावा. एक गालेत भाजून, भरून, मुडपून होण्यास तीन मिनिटें धरलीं आणि दोन तवे चालू असले, तर बारा गालेती होण्यास अठरा मिनिटें लागतात. पंगतीच्या नियमाप्रमाणें सर्व जण थांबले, तर बाराव्याची बशी येईपर्यंत पहिल्याची गालेत थंड झालेली असते. कुरकुरीत कांठ मऊ पडतो आणि मधला भाग चिवट होतो. शिष्टाचार राहतो, पण ज्यासाठीं एवढे लोक जमले तो पदार्थ जातो. कांहीं क्रेपऱ्या साध्या गालेती आगाऊ भाजून ठेवतात आणि मागणी येतांच लोण्यावर गरम करून भरतात. ही पद्धतहि जुनी आहे. ब्रिटनीच्या बाजारांत साध्या गालेती विकत मिळतात व घरोघर अशाच परतल्या जातात. परंतु तव्यावरून थेट आलेल्या गालेतीची सर तिला येत नाहीं.

ह्या पेंचाचें उत्तर जुन्या शेतकरी घरांत तयारच होतें. क्रेपांचा दिवस बहुधा शुक्रवार, म्हणजे कॅथलिक लोकांचा मांसवर्ज्य वार. चुलीवर तिवईवर तवा चढे, आणि जशी गालेत उतरे तसें एकेक जण खाई. पुढें रेल्वे आली. १८६५ सालीं पॅरिसहून निघालेला लोहमार्ग थेट ब्रेस्त बंदरापर्यंत पोंचला. कामाच्या शोधार्थ ब्रिटनीचे असंख्य लोक राजधानींत येऊं लागले. ते उतरत तें स्टेशन माँपार्नास. त्याच्या आसपासच त्यांची वस्ती झाली, आणि आजहि त्या भागांतील माँपार्नास नांवाच्याच रस्त्यावर क्रेपऱ्यांची रांग आहे. चुलीपाशींची रीत अशा रीतीनें शहरांतील मेजावर आली.

म्हणून क्रेपरींत ज्याच्या पुढें बशी आली त्यानें खावयास आरंभ करणें हा उद्धटपणा समजला जात नाहीं. उलट शेजारीच त्याला आग्रह करतात. मोठ्या मेळाव्यानें मात्र थोडें व्यवधान ठेवावें. जागा सहसा लहान असते, यास्तव आगाऊ कळवून जावें. बारा जणांनीं बारा तऱ्हा मागण्यापेक्षां दोनतीन प्रकारांवर एकमत केलें तर तवा भराभर चालतो. पहिल्या दोन गालेती मधोमध ठेवून त्यांचे चतकोर सर्वांनीं वांटून घेतले, तर कोणीहि अगदीं उपाशी वाट पाहत बसत नाहीं. गोड क्रेपांची मागणी नंतर द्यावी. मध्यंतरीं सर्वांना एकत्र ठेवण्याचें काम पेयाकडे असतें: सफरचंदाच्या आंबविलेल्या रसाचा, म्हणजे सायडरचा, एक मोठा चंबू आणि मातीचे पेले, न पिणारांसाठीं ‘ले रिबो’ नांवाचें ताक. बिलाचाहि घोळ होत नाहीं, कारण प्रत्येकाच्या गालेतीची किंमत निराळी लिहिलेली असते आणि फ्रान्समध्यें वाढप्याचें शुल्क त्या किंमतींतच धरलेलें असतें.

तरीहि एक प्रश्न उरतो. तवा सोडला कीं भाजणें थांबतें. म्हणून घरांत तव्यापाशीं जी व्यक्ति असते ती शेवटीं जेवते, मग तें घर ब्रिटनींतलें असो वा रत्नागिरींतलें. आणि ती बसते तोंवर इतरांचे हात धुऊन झालेले असतात. क्रेपरीनें हा भार पगारी माणसावर टाकला आहे, आणि घरांतल्या सर्वांना, चूल सांभाळणारीसह, एका मेजाशीं बसण्याची सोय केली आहे. अशा ठिकाणीं सहकुटुंब जाण्याचा खरा लाभ पदार्थाच्या चवीइतकाच हाहि आहे.

परंतु दुसराहि एक उपाय फ्रान्समध्यें प्रचलित आहे आणि त्याला पैसा लागत नाहीं. २ फेब्रुवारीला ‘शांदलर’ नांवाचा सण येतो. त्या संध्याकाळीं घरोघर क्रेप करतात, आणि एका हातांत नाणें धरून दुसऱ्या हातानें तव्यावरचा क्रेप उडवून उलटण्याची चाल आहे. तो नीट तव्यांत पडला तर वर्षभर पैशाची ददात पडत नाहीं, अशी समजूत. समजुतीचें कांहींहि असो. नशीब अजमावण्यासाठीं घरांतील लहानथोर आळीपाळीनें तव्यापाशीं उभे राहतात, आणि जिची रोजची जागा तेथें असते तिला तेवढा वेळ मेजाशीं बसून, गरम असतांना, खातां येतें.